खातेदार अल्पवयीन आहे

त्या घरात 'कंपनी' म्हटलं की कुठली, असं कुणी विचारत नसे. दुकानातला संगणक कंपनीचा, सूनबाईच्या हातातला फोन कंपनीचा, तिच्या नवऱ्याचा टॅब कंपनीचा, कोपऱ्यातला स्कॅनरही कंपनीचाच. पत्रं कंपनीच्या मेलवरून जायची, गिऱ्हाइकांच्या तारखा कंपनीच्या कॅलेंडरात लागायच्या आणि जे काही जपून ठेवायचं ते कंपनीच्या ऑनलाइन कपाटात जायचं. त्या कपाटाला घरात नुसतं 'वर' म्हणत. "पोस्टातल्या बाईंचं माप कुठंय?" असं नवऱ्याने विचारलं की सूनबाई मान न वळवता सांगायची, "वर आहे." आणि ते खरंच वर असायचं. अकरा वर्षांत एकदाही दगा झाला नव्हता.

दुकान बुटांचं. पण रस्त्याने जाता जाता आत शिरून एखादा जोड उचलावा असलं नव्हे. ज्यांची दोन पावलं एकमेकांसारखी नाहीत, त्यांच्यासाठी तिथे बूट बनत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाला अपघातानंतर बोटंच उरलेली नाहीत. सासऱ्यांनी उभी हयात बुटांच्या कारखान्यात काढली होती. तो बंद पडला तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. लोक म्हणाले, आता आराम करा. त्यांनी दोन खोल्या घेतल्या, पावलांच्या आकाराचे लाकडी फर्मे मांडले आणि ज्या पायांकडे कारखान्याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांचं काम सुरू केलं. त्याच महिन्यात सून घरात आली होती, आणि तिच्यामागून संगणक.

सासऱ्यांची कामाची एक तऱ्हा होती. दुकानापुढे फरशीचा लांब व्हरांडा होता. गिऱ्हाईक त्या टोकाला शिरलं की हे हातातली कातडं टोचायची आरी थांबवायचे आणि मान खाली घालून नुसतं ऐकायचे. माणूस दारात येईपर्यंत त्यांना कळलेलं असायचं की डावा पाय किती आखूड आहे आणि भार कुठे पडतोय. मग पावलाखाली पुठ्ठा ठेवून पेन्सिलीने कडेकडेने आकार काढायचे आणि त्यावरच सगळं लिहायचे: टाचेला किती थर, चवड्याला किती, कल कुठल्या अंगाला. असे तीनशे चाळीस पुठ्ठे फळीवर उभे होते.

होते म्हणायचं, कारण तीन वर्षांपूर्वी भिंतीतला नळ फुटला आणि पुठ्ठ्यांना बुरशी धरली. सूनबाईने पंधरा दिवस खपून एकूण एक पुठ्ठा स्कॅन केला, आकडे तक्त्यात भरले, सगळं वर चढवलं आणि कुबट वास मारणारे ते पुठ्ठे रद्दीवाल्याला देऊन टाकले. सासऱ्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रिकाम्या फळीकडे बघून ते एवढंच म्हणाले होते, "आणि कंपनी रुसली तर?"

"कंपनी रुसत नसते, बाबा," ती हसून म्हणाली होती.

ते हसले नाहीत. आरडाओरडाही केला नाही, आणि तिला तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून त्यांनी संगणकाकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. माप घेतलं की आकडे तोंडाने सांगायचे, पण पडद्याकडे बघायचे नाहीत.

तर एका सोमवारी सकाळी सूनबाईने संगणक लावला आणि पडद्यावर पाटी आली: "खातेदार अल्पवयीन आहे. नव्या नियमानुसार तेरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय खाते वापरता येणार नाही. सात दिवसांत परवानगी न मिळाल्यास खाते व त्यातील सर्व सामग्री कायमची पुसली जाईल."

तिने पाटी दोनदा वाचली. बेचाळीस वर्षांची बाई, केसांत पांढऱ्या बटा, आणि ही म्हणे अल्पवयीन! तिला आधी हसूच आलं. मग तिने फोन काढला. फोनवर तीच पाटी. टॅबवर तीच. मेल बंद, कॅलेंडर बंद. स्कॅनरसुद्धा लाल दिवा लावून गप्प बसला. एकाच कंपनीचं सगळं घेतल्याचं कौतुक ती येईल त्याला सांगायची. आता सगळी मिळून एकदमच संपावर गेली होती.

आणि नेमक्या त्याच वेळी व्हरांड्यात पावलं वाजली. सासऱ्यांची आरी थांबली.

"टपालबाई," ते म्हणाले. "पण डाव्याचा थर गेलाय."

टपालबाई टपाल वाटायचं काम करायच्या. सहा वर्षं हंगामी. डावा पाय उजव्याहून साडेतीन सेंटिमीटर आखूड, आणि उजवी टाच बाहेर कललेली. त्यांचा जोड काही एका झटक्यात साधला नव्हता. दोन वर्षं, चौदा वेळा खालीवर करून शेवटी ते गणित जमलं होतं, आणि त्यानंतर पहिल्यांदा त्या पाठदुखीची गोळी न घेता झोपल्या होत्या. आज त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत डावा बूट. तळ उभा फाटलेला, थर दबून चपटे झालेले.

"ताई, शनिवारी सकाळी चाचणी आहे," त्या म्हणाल्या. "भरलेली थैली घेऊन पाच किलोमीटर, सव्वा तासात. जमलं तर मी कायम. नाही जमलं तर त्यांना दुसरी माणसं आहेत. मला आहे तोच जोड पुन्हा हवा, काहीही बदलू नका."

"होऊन जाईल," सूनबाई म्हणाली. आणि पडद्यावरच्या पाटीपुढे आडवी उभी राहिली. टपालबाई निश्चिंत होऊन गेल्या. सासरे पाठ करूनच विचारते झाले, "माप आहे ना?"

"वर आहे," ती म्हणाली. आणि ते काही खोटं नव्हतं.

इथे तिने काय करायला हवं होतं ते तुम्हाआम्हाला दिसतंय. सासऱ्यांच्या समोर स्टूल ओढून बसायचं आणि सांगायचं, बाबा, असं असं झालंय. पण तीन वर्षांपूर्वीचं ते हसू आता आडवं येत होतं. तिने नवऱ्याला मागच्या खोलीत नेऊन सांगितलं आणि वर बजावलं, "बाबांना कळता कामा नये." नवरा भला माणूस; बायको आणि बाप यांच्यात पडायची वेळ आली की त्याला नेमकं कातडं भिजवायचं आठवायचं. त्याने मान हलवली आणि कातडं भिजवायला गेला.

पाटीखाली एक रकाना होता: खातेदाराची जन्मतारीख टाकून ओळख पटवा. पाच संधी. तिने आपली जन्मतारीख टाकली. चूक. ती उडालीच. अकरा वर्षं जे खातं ती रोज उघडत होती, ते तिचं नव्हतंच? मंगळवारी तिने नवऱ्याची टाकली. चूक. मग सासऱ्यांची. तीही चूक. उरल्या दोन.

बुधवारी तिने मागच्या खोलीतल्या जुन्या लँडलाइनवरून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पंचेचाळीस मिनिटं बासरी ऐकली. बासरीचीही चीड येऊ शकते, हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटी एक मुलगी बोलली, आवाज गोड.

"मॅडम, हे खातं ज्या मुलाचं आहे त्याच्या पालकांशीच मी बोलू शकते."

"अहो, पण मूल कुठलं? आमच्या घरात मूलच नाहीये!"

"मुलाची माहिती गोपनीय असते, मॅडम. पालकांना फोन करायला सांगा."

"मी बूट बनवणाऱ्या दुकानातून बोलतेय. माझ्याकडे एका बाईंचं माप अडकलंय, त्यांची नोकरी जाईल."

"मी समजू शकते, मॅडम. मूल घरी नसेल तर पालकांना सांगा."

तिने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. मूल नाही ही गोष्ट त्या घरात अकरा वर्षांत कुणी तिला बोलून दाखवली नव्हती. ती आता एका परक्या मुलीने, तीही इतक्या मऊ आवाजात, तिच्याच तोंडून वदवून घेतली. त्या बिचारीला काय ठाऊक. सूनबाईने डोळे पुसले आणि फाटका बूट हातात घेऊन पट्टीने मोजायला बसली. थर इतके दबले होते की दर वेळी वेगळाच आकडा यायचा.

गुरुवारी सकाळी ती तेच करत होती. मागून सासऱ्यांचा आवाज आला.

"सूनबाई, मेलेल्याची नाडी किती वेळ बघणार आहेस?"

ती दचकून उठली. ते तिच्याकडे तोंड करून बसले होते, तीन वर्षांत पहिल्यांदा.

"माप वर आहे म्हणालीस. मग ते खाली का येत नाही?"

मग मात्र तिचा बांध फुटला. सोमवारची पाटी, संपावर गेलेला फोन, तीन चुकलेल्या संधी, बासरी, सगळं सांगितलं. आणि शेवटी जे सांगायचंच नव्हतं तेही. "तुम्ही म्हणाला होतात, कंपनी रुसली तर. मी हसले होते. बाबा, तुमचे पुठ्ठे मी घालवले. चुकलं माझं."

सासऱ्यांनी आरी खाली ठेवली.

"काय म्हणतेय ती पाटी? नीट वाच."

"खातेदार अल्पवयीन आहे. तेराच्या आतला."

"मग बरोबरच आहे की," ते म्हणाले. "बारा पुरी व्हायला अजून दोन महिने आहेत."

"कुणाला?"

"दुकानाला!" सासरे असे काही चिडले की जणू तिने स्वतःच्याच घराचा पत्ता विचारला होता. "तू इथे बसली होतीस, मी इथे उभा होतो. यंत्राने विचारलं जन्मतारीख. तू म्हणालीस, बाबा, कुणाची घालू? मी म्हटलं, खातं कुणाचं? तू म्हणालीस, दुकानाचं. मग दुकानाचीच घाल म्हटलं. आणि तू घातलीस. नवी नवरी होतीस, सासऱ्यापुढे तोंड उघडत नव्हतीस. नंतर ती कसर भरून काढलीस म्हणा."

सूनबाईला लख्ख आठवलं. ती खुर्ची, तो खोक्यातून नुकताच काढलेला संगणक, मागे उभे असलेले सासरे. तारीख विचित्र आहे हे तेव्हाही मनात आलं होतं. पण दोन महिन्यांची सून, ती काय बोलणार? पुढे रोजच्या वापरात ते खातं आपलंच वाटू लागलं. ती डोक्यावर हात मारून मटकन स्टुलावर बसली आणि हसत सुटली. चार दिवस! चार दिवस हा माणूस तीन हातांवर पाठ करून बसला होता आणि उत्तर त्याच्या तोंडात होतं.

"आधी विचारलं असतंस तर?" सासरे म्हणाले.

"तुम्ही तरी आधी तोंड फिरवलं असतंत तर?" ती म्हणाली.

"हं," सासरे म्हणाले. तेवढ्यात तीन वर्षांचा हिशेब मिटला.

तिने दुकान उघडल्याची तारीख टाकली. पाटी हिरवी झाली. "ओळख पटली. आता पालकांनी परवानगी द्यावी. पालकांचे स्वतःचे खाते असणे आवश्यक."

आता आली का पंचाईत! कंपनीत खातं उघडणार नाही अशी ज्याने तीन वर्षांपूर्वीच मनाशी गाठ मारली होती, त्याच माणसाचं खातं हवं होतं. नवरा भिजलेल्या हातांनी दारात येऊन उभा होता. तो चाचरत म्हणाला, "मी होतो पालक. माझं नाव घालू."

"तू होतोस पालक!" सासरे उसळले. "तू तर म्हणत होतास, बाबा, आराम करा. दुकान माझं पोर आहे. आण इकडे तो टॅब."

खातं उघडायला अर्धा तास लागला, कारण त्यांना प्रत्येक अट वाचून हवी होती आणि काही अटींवर त्यांचं म्हणणंही होतं. शेवटी टॅबने अंगठा मागितला. त्यांनी अंगठा टेकवला. "अंगठा ओळखता आला नाही." पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. आयुष्यभर चिकटवायचं सोल्यूशन, दोरा आणि कातडं कापायची रापी यांनी त्या अंगठ्यावरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. तर्जनी, मधलं बोट, डावा अंगठा, एकाचाही ठसा उमटेना.

"करंगळी लावून बघा," नवरा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो वेळेवर बोलला असेल.

करंगळी चालली. "आयुष्यभर हे एकच बोट फुकट खात होतं," सासरे करंगळीकडे बघत म्हणाले. "आज उपयोगी पडलं."

शेवटचा प्रश्न आला. सूनबाईने वाचून दाखवला. "हे मूल तुमच्या देखरेखीखाली वाढत आहे आणि त्याच्या भल्याची जबाबदारी तुमची आहे, हे तुम्हाला मान्य आहे का?"

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला. फळीवरच्या फर्म्यांकडे एकदा नजर टाकली. मग मोठ्याने, खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मान्य आहे." आणि करंगळी टेकवली.

फोन वाजला, संगणक वाजला, स्कॅनरचा दिवा हिरवा झाला. जुनी तीनशे चाळीस पावलं आणि त्यांच्यामागून नंतरची सगळी पडद्यावर ओळीने उभी राहिली. दोनशे सातव्या ओळीत टपालबाई होत्या, चौदाव्या खेपेच्या आकड्यांसकट. सूनबाईने आकडे वाचायला घेतले आणि सासरे रापी घेऊन उठलेही.

त्यानंतरचे दोन दिवस दुकानात कुणी फालतू बोललं नाही. नवऱ्याने कातडं ताणून फर्म्यावर चढवलं. सूनबाईने थर कापले, टाचेला सात, चवड्याला चार, आणि एकेक मोजून दिला. सासऱ्यांनी शिवलं. मध्येच कंपनीने आपला इंगा दाखवला. खातं आता मुलाचं होतं, म्हणून नवीन रापी मागवायला गेल्यावर संगणकाने 'ही वस्तू तुमच्या वयाला योग्य नाही' असं सांगून ते पान मिटून टाकलं. संध्याकाळी सात वाजता तर 'आजसाठी पुरे, आता विश्रांती घे' म्हणत पडदाच काळा झाला. सूनबाई वैतागली, पण सासरे खुशीत होते.

"बरोबर सांगतंय," ते म्हणाले. "वाढतं वय आहे."

शुक्रवारी दुपारी जोड तयार झाला. टपालबाईंनी तो घालून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून दाखवलं आणि परतल्या तेव्हा सासऱ्यांच्या पाया पडायला वाकल्या. त्यांनी पाय मागे घेतले. "आधी चालून या," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी दुकान उघडं होतं, पण काम कुणाच्याच हातून होत नव्हतं. चाचणी आठ वाजता सुरू होणार होती. नऊ वाजले. साडेनऊ झाले. सूनबाईने एकच तक्ता तीनदा पुसून पुन्हा भरला. नवऱ्याने चहा केला आणि तो तसाच निवला. दहाला पाच मिनिटं कमी असताना व्हरांड्याच्या टोकाला पावलं वाजली आणि सासऱ्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

ते ऐकत होते. सूनबाईही ऐकत होती. डावं, उजवं, डावं, उजवं. दोन्हींचा आवाज अगदी सारखा, आणि वेगही कमी होत नव्हता, वाढतच होता. शेवटी शेवटी तर ती पावलं चक्क धावत होती.

"झालं!" सासरे म्हणाले. टपालबाई अजून दारात पोचायच्या होत्या.

त्या आल्या त्या हातातला कागद झेंड्यासारखा नाचवत. "एक तास आठ मिनिटं! माझ्यामागे तीन जण होते, ताई, तीन जण! धडधाकट पायांचे!" आणि मग त्या स्टुलावर बसून ढसाढसा रडल्या. सूनबाईही रडली. नवऱ्याला नेमकं कातडं भिजवायचं आठवलं. त्या रडून, हसून, नवा चहा पिऊन गेल्या तेव्हा व्हरांडाभर त्यांची पावलं ऐकू येत राहिली.

नंतर सासरे टॅब घेऊन कोपऱ्यात बसले होते. चष्मा नाकावर, करंगळी ताठ. चांगला पाव तास त्यांचं काहीतरी चाललं होतं. सूनबाईने विचारलं, "बाबा, काही अडलंय का?"

"तुझं काम कर," ते म्हणाले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीचा संदेश होता. पुन्हा काय झालं, म्हणून तिने धसक्यानेच उघडला.

"तुम्हाला एका मुलाचे दुसरे पालक म्हणून नेमण्यात आले आहे. पहिले पालक उपलब्ध नसतील तेव्हा मुलाचे सर्व निर्णय तुम्ही घ्याल. नेमणूक करणाऱ्यांनी कळवलेला मजकूर: पुठ्ठे मी सांभाळले असते तर बुरशीने गेले असते. माप हिने वाचवलं. पोर हिचंही आहे. स्वीकारता का?"

तिने मान वर केली. सासरे पुन्हा पाठ करून बसले होते, पण आरी हलत नव्हती. ते ऐकत होते.

सूनबाईने अंगठा टेकवला. कंपनीने तिला पहिल्याच फटक्यात ओळखलं.

"स्वीकारलं, बाबा," ती म्हणाली.

"मग उठ," सासरे म्हणाले, आणि आरी चालू झाली. "व्हरांड्यात कुणीतरी आलंय. उजवा पाय आखूड. तू सांग बघू किती."

सूनबाईने मान खाली घातली आणि ऐकायला लागली.